पाटाचा पिक्चर

आमच्या घरात पिक्चर बघताना कुणी गप्प बसत नाही. ही माझी लहानपणापासूनची तक्रार आहे आणि आजवर ती कुणी मनावर घेतलेली नाही. पडद्यावरची बाई रडायच्या आधीच माझी आई डोळ्यांना पदर लावते. पप्पा तळोज्याच्या कंपनीतून पाळी करून आलेले असतात, डोळे मिटून आडवे पडलेले असतात, तरी मधेच "आता सासू येल बग" असं सांगतात, आणि सासू येते. आत्या तर पडद्यावरच्या माणसांशी थेट बोलते. "नको करू गो सही, कागद वाचून तरी बग." लहान असताना मला वाटायचं, कधीतरी एखादी बाई आत्याचं ऐकून हात मागे घेईल. पुढे मी कॉलेजला गेले. तिथे आम्हाला पडदे ओढलेल्या वर्गात, शांतपणे चित्रपट बघायला शिकवलं, आणि घरी येऊन मी सगळ्यांना "श्श" करायला लागले. "ही बग, कालेजान जाते तं आमाला श्श करते," आत्या म्हणायची आणि मुद्दाम आणखी मोठ्याने बोलायची.

आत्या आमच्याकडेच राहते, माझ्या जन्माच्या आधीपासून. करंजाड्याच्या घरात तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत तिचं भाकऱ्यांचं काम चालतं. तांदळाच्या भाकऱ्या, ऑर्डरप्रमाणे. कुणाची हळद, कुणाचं बारसं, रस्त्यावरची दोन हॉटेलं. पिठाची उकड काढली की वाफेचा गोडसर वास जिन्यापर्यंत येतो, मग मळताना बांगड्या वाजतात, मग ओल्या हाताने थापण्याचा आवाज. त्या आवाजाशिवाय मला अजूनही नीट अभ्यास होत नाही. दुपारी सुकट भाजून कांद्याबरोबर परतलेली, सोबत तव्यावरून उतरलेली भाकरी, आणि समोर टीव्हीवर कुठलातरी जुना पिक्चर. नवा तिला चालत नाही. "त्याच्यान मान वर केल्याबिगर काय कलत नाय," ती म्हणते. मला तो तेव्हा अडाणीपणा वाटायचा. आता वाटतं, जुन्या पिक्चरबद्दल इतकं नेमकं मला एकाही पुस्तकात मिळालेलं नाही. त्यात माणसं पूर्ण वाक्यं बोलतात. दार उघडलं की दार उघडल्याचा आवाज होतो, आणि आलेला माणूस आल्या आल्या बोलत नाही, आधी उभा राहतो. पाठ करून भाकरी थापणाऱ्या बाईलासुद्धा कोण आलं ते कळतं. पिक्चर तिच्यासाठी थांबतो. हे मी माझ्या निबंधात लिहायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही. मला नेहमी उशिराच सुचतं.

त्या निबंधाचीच ही गोष्ट आहे. पण आधी पिक्चरबद्दल सांगायला हवं. आमच्या गावाचा म्हणून एक पिक्चर आहे. त्याचं खरं नाव लांबलचक आणि जड आहे, गावात कुणी ते घेत नाही. सगळे त्याला 'पाटाचा पिक्चर' म्हणतात. काळापांढरा नव्हे, रंगीत आहे, पण रंग उडालेले. एका बाईचा नवरा घर सोडून निघून जातो. ती रोज दोन्ही वेळेला जेवणाआधी त्याचा पाट मांडते, पाण्याचा तांब्या ठेवते, आणि सगळ्यांचं झालं की रिकामा पाट उचलून ठेवते. आधी सासू तिला वेडी म्हणते, मग तीच सासू आजारी पडल्यावर अंथरुणातून विचारते, "पाट मांडलास ना?" वर्षं जातात. बाईचे केस पांढरे होतात. पाटाच्या कडा झिजतात. अर्ध्याहून जास्त पिक्चरभर दुसरं काहीच होत नाही, आणि तरी मी आजवर एकदाही त्यातून उठून गेलेले नाही. शेवटी एका दुपारी तो माणूस दारात येऊन उभा राहतो. ती पाट हातात घेऊन मांडायलाच निघालेली असते. दोघं एकमेकांकडे बघतात.

आणि मग लागते आत्याची हळद.

हे नीट सांगते. आमचं गाव आता नाही, विमानतळाच्या जागेत गेलं. गाव होतं तेव्हा मंडळाच्या सत्यनारायणाला पनवेलहून भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणायचे, आणि अंगणात सगळं गाव पिक्चर बघायचं. व्हिडिओवाल्याशी एका वर्षी भांडण झालं, म्हणून मंडळाने स्वतःची कॅसेट घेतली. एकच. ती ही. पुढे आत्याचं लग्न ठरलं. हळदीचं शूटिंग करायला माणूस बोलावला होता. त्याला शूटिंग उतरवून द्यायला कॅसेट हवी होती, आणि घरात वेगळी कॅसेट कोण आणून ठेवतंय? माझ्या आज्याने, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, मंडळाची कॅसेट काढून दिली. आजा मंडळाचा अध्यक्ष होता, त्याला कोण अडवणार! त्याने त्या माणसाला सांगितलं म्हणे, "नवरा परत आयला का पिक्चर खलास. त्याच्यापुडं भर तू हलद." त्या माणसाने तसंच केलं.

त्या वर्षापासून आमच्या गावाचा पिक्चर असा झाला. बाई पाट घेऊन उभी, नवरा दारात, मग पडद्यावर जरा पांढरी खरखर, आणि एकदम धवलारीण, म्हणजे आमच्यात लग्नाची गाणी म्हणणारी बाई, गळा काढून गायला लागते. मांडव, केळीचे खांब, मागे खाडी, आणि मधे पिवळीजर्द झालेली एकोणीस वर्षांची आत्या, तोंडावर हात ठेवून हसणारी. सगळे टाळ्या वाजवतात. म्हाताऱ्या बायका पडद्यावर बोट ठेवून कोण कोण गेलं ते सांगतात. आणि हळद संपता संपता मागच्या रांगेतून पुरुषांपैकी कुणीतरी पिक्चरचा राहिलेला शेवट मोठ्याने सांगतो, "आनी मंग तिने पाट भितीला उभा केला." बाकीचे एका सुरात म्हणतात, "उभा केला!" म्हणजे तिने त्याला बसायला पाट दिला नाही. भिंतीला लावला आणि आत निघून गेली. गाव उठलं तेव्हा कॅसेट आमच्याकडे आली. पप्पांनी एका फोटो स्टुडिओतून ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. आता गावातले लोक करंजाड्यात आणि उलव्यात विखुरलेत, पण पूजेच्या दुपारी एका हॉलमध्ये जमतात आणि पिक्चर लागतो, हळदीसकट. मी हे सगळं इतकं लहानपणापासून बघत आले की सगळ्याच पिक्चरच्या शेवटी कुणाची तरी हळद असते, असं मला शाळेत जाईपर्यंत वाटत होतं.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. हे मी कौतुकाने नाही सांगत. पहिलं असण्यात एक त्रास असा की, कुठलीही गोष्ट आधी कुणाला विचारून घेता येत नाही. वर्गात हात वर केला आणि चुकलो तर काय होतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून मी हात वर करत नसे. दुसऱ्या वर्षाला 'चित्रपट आस्वाद' नावाचा विषय होता. सरांनी निबंध लिहायला सांगितला, जुने कौटुंबिक चित्रपट आजही का बघावेत. बाकीच्यांनी नेटवरून लिहिलं. मी आमच्या पिक्चरवर लिहिलं. चार वेळा लिहून काढलं. त्यात म्हटलं होतं की हा चित्रपट आजही टिकतो, कारण इतकी वर्षं मुकाट्याने पाट मांडणारी बाई शेवटच्या क्षणी तो भिंतीला उभा करते, आणि तिला हे करताना एक शब्दही बोलावा लागत नाही. सरांनी निबंध वरवर चाळला आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांचं चर्चासत्र होतं तिथे वाचायला माझं नाव दिलं. मी घरी सांगितलं. आई रडली. पप्पांनी शर्ट इस्त्रीला टाकला. आत्याने त्या दिवसाच्या भाकऱ्यांची ऑर्डर आधीच शेजारणीला देऊन टाकली. "मी येनार. माज्या हलदीचा पिक्चर हाय तो," ती म्हणाली.

त्याआधी वर्गात एकदा वाचून दाखवायचं होतं. मी वाचलं. शेवटाला आले तेव्हा सर खुर्चीत पुढे सरकले.

"दर्शना, एक मिनिट. हा शेवट तू कुठून आणलास?"

"पिक्चरमधलाच आहे, सर."

"तू पाहिलायस हा चित्रपट?"

"खूपदा, सर. दरवर्षी बघतो आम्ही."

"मीही पाहिलाय," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. "असा शेवट नाहीये त्यात."

त्यांनी मोबाईल प्रोजेक्टरला जोडला, शोधलं, आणि दोन मिनिटांत तो शेवट वर्गाच्या भिंतीवर आला. तोच माणूस, तेच दार, तीच बाई. मी नकळत हळदीच्या गाण्याची वाट बघत होते. ते आलं नाही. बाई खाली वाकली आणि तिने पाट मांडला. तो बसला. तिने वाढलं. ती बाजूला बसून त्याला वारा घालायला लागली, आणि मागे गाणं सुरू झालं की पुण्य फळाला आलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "भिंतीला लावला ना पाट?" सगळा वर्ग हसला. माझी मैत्रीण आफ्रीन तेवढी हसली नाही. ती दबक्या आवाजात म्हणाली, "जाने दे यार, बस खाली." मी उभीच होते. बसायचं असतं हे लक्षातच आलं नाही.

तासानंतर सरांनी बोलावलं. "न पाहता लिहू नये, एवढंच. आणि खरं सांगू का? याच शेवटामुळे असे चित्रपट आज टिकत नाहीत. मी तेच शिकवणार होतो. तू आठवड्यात पुन्हा लिही. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला पाठवतो." मला म्हणायचं होतं की सर, मी न पाहता लिहिलेलं नाही, माझ्याइतका हा पिक्चर पाहिलेला माणूस या कॉलेजात नसेल. पण ते खरं होतं की खोटं, हेच मला कळेना. मी "हो सर" म्हटलं. माझी कितीतरी वाक्यं अशी "हो सर"खाली गाडलेली आहेत.

घरी आले ती भडकूनच. पप्पा जेवत होते. "पप्पा, पाटाच्या पिक्चरचा शेवट कोणी बदलला?"

"बदलला? कोन बदलील? असाच हाय तो."

"तुम्ही पाहिलाय? हळदीच्या आधीची कॅसेट, पूर्ण?"

"मंग! बगलाय की." मग जरा विचार करून, "म्हंजे, मना झोप लागलेली. पन बगलाय."

मी उलव्याला नितेशदादाला, माझ्या चुलत भावाला, फोन केला. त्याने तिथल्या जुन्या माणसांना विचारलं. एक काका म्हणाले, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, पाट उभा करताना तिच्या हातातली हिरवी बांगडी फुटली. दुसऱ्या एका काकी म्हणाल्या, बांगडी नाही फुटली, पाट भिंतीला लागला तेव्हा वरची तसबीर हलली. प्रत्येकाकडे एकेक तपशील होता, आणि एकही पिक्चरमध्ये नव्हता. मला रडू येत होतं. म्हणजे राग येत होता, पण मला राग आला की रडूच येतं, आणि मग लोक समजूत घालायला लागतात, त्यामुळे राग राहूनच जातो. मला वाटलं, आपण असेच. ऐकीव गोष्टी डोळ्यांनी पाहिल्यासारख्या सांगणारे. आणि मी त्या जाऊन कॉलेजात वाचून दाखवल्या.

आत्याला मी विचारलं नव्हतं. तिला कसं सांगायचं, हेच मला सुचत नव्हतं. आत्या लग्नानंतर दोन वर्षांनी माहेरी परत आली आणि कायमची राहिली. आमच्या घरात याबद्दल एवढंच बोललं जातं की तिला तिथे सुख नव्हतं. ती पाटाचा पिक्चर स्वतःचा मानते, हे सगळ्यांना माहीत होतं. पूजेच्या दिवशी ते शेवटचं वाक्य मात्र ती कधी म्हणत नसे. त्या वेळेला ती हमखास उठून जेवणाच्या तयारीला जायची. आता तिला सांगायचं की तुझ्या त्या बाईने मुळात पाट मांडला होता, जेवायला वाढलं होतं, वारा घातला होता? पण ती काही बहिरी नव्हती. माझं सगळं फोनवरचं भांडण तिने भाकरी थापत ऐकलेलं होतं. दुसऱ्या दुपारी तिनेच हाक मारली. "दाखव गो, तुजा सर काय म्हनतंय तो शेवट."

मी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून लावला. तिने तवा उतरवला नाही, एक भाकरी तव्यावर होती. दारातला माणूस आला. बाई वाकली. पाट मांडला. तो जेवला. गाणं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला पिक्चर गप्प बसून बघताना पाहिलं.

"हां," ती म्हणाली. "असाच होता."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"लगनाच्या आदी बगलेला ना आमी सगल्या पोरींनी. मना लय आवडला होता. रडले होते मी. वाटला, बाई असावी तं अशी." भाकरी करपल्याचा वास आला. तिने ती उलथन्याने काढून बाजूला टाकली. "मंग मी घरी आयले. वरीसभरान तो आयला, दोन मानसं घेऊन, मना न्यायला. जेवनाची येल. आयेने सांगला, जावयाला पाट मांड. मी घेतला पाट. पडवीन ही मानसं, अंगनान सगला गाव. आनी मना हसू येत होता बग. वाटला, आता मी ती पिक्चरमदली बाय हाय."

"मग?"

"मंग काय. हात खाली जायनाच. लय सांगला मी हाताला, जायनाच." तिने पुढचा गोळा हातात घेतला, पण थापला नाही. "भितीला लावला आनी आत गेले."

"आजा काय बोलला?"

"तोच तं काय बोलला नाय. माज्याशी बोलनाच बंद. जेवताना आयेला सांगायचा, तिला वाड. मंग पूजा आयली. कॅसेट लागली. तो मानूस दारान आयला आनी लागली माजी हलद. पयले सगली टाल्या वाजवायची. त्या दिवशी कोनी हात नाय उचलला. टीव्हीन मी हसतंय, आनी मी इथं बसलेली. मना झाला, जमीन फाटावी. उठतंच होते. तवा तुजा आजा मागून बोलला. मोठ्यान. 'आनी मंग तिने पाट भितीला उभा केला.'"

बाहेर रस्त्यावरून सिमेंटचा मिक्सर गेला, भिंती थरथरल्या.

"सगल्यांनी मागं वलून बगला त्याच्याकडं. मंग तुजी आजी बोलली, उभा केला. मंग सगली बोलली." आत्याने गोळा परातीत ठेवला आणि थापायला सुरुवात केली. "त्याच्यापुडं कोनी विचारला नाय. तूच पयली."

मी ती क्लिप त्या दिवशी किती वेळा बघितली कोण जाणे. राग तर होताच. बाईवर, गाण्यावर, त्या वारा घालण्यावर. पण बघता बघता मला एक गोष्ट दिसली, जी आमच्या हळद भरलेल्या कॅसेटमध्ये दिसणं शक्यच नव्हतं. बाई पाट मांडते, माणूस बसायला पुढे येतो, आणि तिचा हात पाटाच्या कडेवर तसाच राहतो. उचलणाऱ्याचा हात असतो तसा, बोटं खालून. तो जवळजवळ बसतो तेव्हा ती सोडते. चेहरा खाली आहे, दिसत नाही. गाणं काहीही म्हणू दे, तो हात वेगळं काहीतरी म्हणतोय, असं मला वाटलं, अजूनही वाटतं. असे पिक्चर टिकतात ते यामुळे. दिग्दर्शकाला पाहिजे तो शेवट त्याने लावला, तरी एखादी नटी इतका वेळ पाट मांडत राहिली की तिच्या हाताला स्वतःचं मत आलं. जुन्या पिक्चरमध्ये एवढा वेळ असतो. आणि त्या वेळात आमच्या गावासारख्या एखाद्या गावाला शिरायला जागा सापडते.

हे सगळं मी पुन्हा लिहिलं. दोन्ही शेवट लिहिले, आज्याचं लिहिलं, हाताचं लिहिलं. सरांनी या वेळी संपूर्ण वाचलं. नंतर चष्मा काढून म्हणाले, "चांगलं लिहिलंयस. पण हा चित्रपटावरचा निबंध नाही राहिला. हा तुझ्या आत्यावरचा झाला."

"सर, पण चित्रपट टिकला तो त्यामुळेच ना?"

"चित्रपट टिकतो म्हणजे तो जसा बनवलाय तसा टिकायला हवा. तुम्ही शेवट पुसलात, त्यावर हळद भरली, आणि म्हणताय टिकला. मग काय टिकलं?"

मी त्यांना क्लिपमधला त्या बाईचा हात दाखवला. त्यांनी क्लिप दोनदा बघितली, मन लावून. "दिसतंय. पण पाट डुगडुगत असेल, म्हणून धरला असेल. तुला जे हवंय ते तू बघतेयस." ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, हा माझा त्रास होता. चर्चासत्राला दुसरा मुलगा गेला. त्याने कॅमेऱ्याच्या कोनांवर वाचलं, चांगलं वाचलं म्हणतात. घरी मी आत्याला सांगितलं की जायचं रद्द झालं. "बरा झाला," ती म्हणाली, "भाकऱ्या होत्या." ऑर्डर तर तिने केव्हाच देऊन टाकली होती. तिची घडी मोडलेली नवी साडी खुर्चीवर दोन दिवस पडून होती.

आता मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावाच्या जागेवरून विमानं उठतात, वर्गात बसल्या बसल्या ऐकू येतात. आणि मी अजून मनातल्या मनात सरांना उत्तर देत असते, बसमध्ये, रांगेत, कुठेही. अजून नीट जमलेलं नाही.

निबंध लिहिला त्याच वर्षीची पूजा उलव्याच्या हॉलमध्ये होती. दुपारी प्रसाद झाला. आत्याच्या भाकऱ्या टोपल्यांत झाकून ठेवलेल्या, मोठ्या पातेल्यात वालाचं बिरडं. पिक्चर झाला की पंगत, हा क्रम ठरलेला. नितेशदादाने नवीन मोठा टीव्ही आणला होता आणि तो एकटाच हसत होता.

"सरप्राईज आहे," मला म्हणाला. "फुल एचडी मिळवलाय. पूर्ण पिक्चर, शेवटासकट. तूच विचारत होतीस ना?"

"दादा, नको. पेनड्राइव्हवरचा लाव."

"अगं तो काय प्रिंट आहे? नुसत्या मुंग्या."

"दादा, ऐक ना माझं, आत्या बसलीय."

"तिला तर दाखवायचाय!" आणि त्याने लावला. मी काय करू शकत होते? वायर ओढू शकत होते. मी तिथे हात चोळत उभी राहिले, वर्गात उभी होते तशीच.

पहिल्यांदा सगळे खूश. "आगो, तिची साडी हिरवी हाय! आपून निली समजत होतो." सासूच्या नाकातली नथ दिसली, पाटावरची नक्षी दिसली. मग दार वाजलं. माणूस उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्यांसाठी हात उचलले. आणि बाई वाकली, पाट मांडला, तो बसला. उचललेले हात तसेच राहिले. गाणं सुरू झालं. एकमेकांकडे बघणं सुरू झालं. ज्या काकांनी बांगडी फुटताना पाहिली होती ते उठून उभे राहिले.

"नितेश, हा दुसरा पिक्चर हाय."

"काका, हाच आहे. ओरिजिनल."

"वरिजिनल आमच्याकडं हाय," काका म्हणाले.

कुणी हसलं, कुणी म्हणालं पुढे बघू तरी, कुणी म्हणालं बंद कर. पप्पा माझ्याकडे बघत होते, जणू मीच हा शेवट तयार केला. मी आत्याकडे बघितलं. या वेळेला ती नेहमी उठून गेलेली असते. ती बसलेली होती, मांडीवर हात ठेवून.

"नितेश," ती म्हणाली, "बगला. बरा हाय. आता आपला लाव."

दादाने तोंड पाडून पेनड्राइव्ह लावला, पुढे पळवला. मुंग्या, उडालेले रंग, दारातला माणूस, खरखर. आणि मग धवलारणीचा आवाज, मांडव, खाडी, आणि पिवळी आत्या तोंडावर हात ठेवून हसतेय. तिच्या मागे कोपऱ्यात टोपी सावरत आजा. म्हाताऱ्या बायकांनी नावं घेतली, पण हळू आवाजात. हळद संपत आली. आता मागून ते वाक्य यायला हवं होतं. आलं नाही. आताच सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी दुसरं पाहिलं होतं, आणि कुणाला तोंड उघडायचा धीर होईना. मला वाटलं, संपलं. माझ्यामुळे संपलं.

आत्या पडद्याकडेच बघत होती. नेहमी बोलते तशी, त्यातल्या माणसांशी बोलल्यासारखी, ती मोठ्याने म्हणाली, "आनी मंग मी पाट भितीला उभा केला."

मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "मंग गो? पुडं काय झायला?"

"पुडं काय होनार?" आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "जेवाला बसा सगली." आणि तिने गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेल्या पंगतीच्या पट्ट्या उचलल्या आणि एकेक करून अंथरायला लागली.